सुपातले

सायकलच्या डाव्या पिशवीत गॅसची बिलं,
उजवीत म्हाताऱ्यांची पेन्शनं.
हल्ली डावी जड असते.
चढावर सायकल आपसूक कलते
नीस्त्रू नदीकडे.

नदीपलीकडे दुसरा देश, त्याचं धरण.
एका सोमवारी सकाळी त्या धरणाच्या रोखानं काहीतरी आलं
आणि अलीकडे आमच्या पोस्टाच्या काचा गेल्या.
जीवितहानी नाही, रेडिओ म्हणाला.
मी केसांतून काचा वेचत ऐकलं.

अगाफियाच्या द्राक्षमळ्यात एक पत्रा पडला,
पाटाएवढा, कडेनं करपलेला,
वर आकडे.
आधी पोलीस आले, मग सैनिक, मग कॅमेरे,
मग निवडणुकीला उभे असलेले दोघे.
एक म्हणाला, हा पूर्वेचा अपराध.
दुसरा म्हणाला, पश्चिमेच्या नादी लागल्याचं फळ.
अगाफिया म्हणाली, वेल माझी होती,
सोळा वर्षांची.
तेवढं बातमीत आलं नाही.

रविवारी पहाटे चौकात बस लागते,
किशिनाऊला मोर्चासाठी.
चारशे लेई, डबा, आणि हातात धरायला फलक.
इफ्रिम दोनदा जाऊन आला.
त्याच्या घरी बिल मीच टाकलं होतं
म्हणून मी काही बोलले नाही.
फक्त विचारलं, फलकावर काय होतं रे?
म्हणाला, उंच धरायला सांगितलेलं.
वाचायला कुणी दिलं?

सरकार पडलं तेव्हा मी पंक्चर काढत होते.
नव्याची शपथ होईतो चाक बसवून झालं.
मधल्या एका दुपारी
आकाश बंद केल्याची बातमी आली, दोन तास.
आकाशाला कडी कुठून घालतात, मला माहीत नाही.
शाळेवरचे कावळे नेहमीसारखे उडत होते.
पुढच्या महिन्यात संसदेनं
आमच्या भाषेचं नाव बदललं.
पोस्टाला नवा शिक्का काही आला नाही.
मी त्याच जुन्या शब्दांनी
कोस्त्याकेंच्या कुत्र्याला हाकललं,
आणि त्यालाही ते कळले.

पोस्टामागच्या खोलीत रायसा राहते,
खार्किवची.
येताना तिनं दोन गोष्टी आणल्या, मुलगा आणि शिलाई मशीन.
मशीनची सुई मात्र तिकडेच राहिली.
रोज अकराला ती दारात उभी असते,
विचारत काहीच नाही,
माझ्या हातांकडे बघते.
सत्तावीस वर्षं टपाल वाटतेय मी,
लिफाफ्यातलं मरण बोटांना आधी कळतं.
त्याचा कागद जाड असतो, घडी सरळ,
आणि पत्ता लिहिणारा कधी घाईत नसतो.

त्या दिवशीचा लिफाफा तिच्या नावाचा होता,
चार शिक्के खाऊन आलेला,
शेजाऱ्यानं पुढे पाठवलेला.
बोटांना काही कळेना.
तिनं दातांनी फोडला.
आत पाण्याचं बिल.
त्या घराचं, ज्याला छप्पर नाही, जिना नाही,
नळ तर नाहीच नाही.
तिसरा मजला, फ्लॅट एकवीस,
वेळेत न भरल्यास दंड.

आणि रायसा हसली.
पोट धरून, भिंतीला टेकून,
मुलगा धावत आला इतकी.
म्हणाली, म्हणजे कुणाच्या तरी वहीत
घर अजून उभं आहे!
जात्यात होती ती, हसत होती.
सुपातली मी
रिकामी पिशवी धरून उभी,
मला हसू फुटेना.

तिनं बिल मशीनच्या पायाखाली ठेवलं,
तो पाय जरा आखूड आहे.

संध्याकाळी पुन्हा वीज गेली.
त्यांच्या तारा तुटल्या की आमचे दिवे जातात,
एवढा शेजार अजून टिकून आहे.
मेणबत्ती शोधतेय तोवर दार वाजलं.
इफ्रिम. टोपी हातात, नजर उंबऱ्यावर.
बाई, या रविवारची बस कितीला?
मी म्हटलं,
टपालात तसं काही आलेलं नाही.
तरी तो गेला नाही.
मग मी त्याला आत घेतलं.