तपासनीस

चौतीस वर्षं जेल रोडच्या नोट प्रेसमध्ये
मी ताव तपासले.
उचलायचा, वाकवायचा, उजेडाकडे धरायचा.
कुठे शाई फुटली, कुठे आकडा सरकला,
बोटाआधी डोळ्याला कळायचं.
लाल पेन्सिलीची एक रेघ, की ताव बाद.

रविवारी तो डोळा घरी ठेवता येईना.
मागच्या बाकावरून
कोण उपदेशात पेंगतं,
कोणाचं दशांशाचं पाकीट हलकं,
कोण ऐकू जावं म्हणून प्रार्थना लांबवतं,
सगळं मला पाठ.
यालाच मी विश्वासात वाढणं समजत होतो.
पाळकसाहेब म्हणायचे,
अमोलिक म्हणजे मंडळीचा खांब.
खांबच.
टेकणाऱ्याला गार लागणारा.

सिलास, माझा धाकटा, पीत होता.
वडिलांच्या मातीला शरणपूरला आला
तो उशिरा, झोकांड्या खात.
तिथेच मी त्याच्यावर रेघ मारली.
अकरा वर्षं.
उपनगरच्या नाक्यावर दिसलाच
तर भाजीवालीशी भाव करत राहायचो,
नको असलेल्या दोडक्यांचा.

मग या फेब्रुवारीत
प्रभुभोजनाचा प्याला माझ्याकडे,
आणि रांगेत तो.
इस्त्रीचा शर्ट, कॉलर एका बाजूला आत दुमडलेली.
मागे सुवार्ता,
त्याला न धरता, नुसती जवळ.
चार महिने झाले सोडून, म्हणे.
ठरलेले शब्द, हजारदा म्हटलेले,
घशाशी येऊन बसले.
त्याचा हात थरथरत होता.
नाही, नीट सांगतो:
प्याला थरथरत होता, माझ्या हातात.
त्याने खालून तळवा लावला.
म्हणाला, “सावकाश, दादा.”

नोटेतला पाण्याचा चेहरा
समोरून दिसत नाही,
उजेडाकडे धरावी लागते.
मी तर दिवसातून शेकडो वेळा धरायचो.
डाग शोधायला.
चेहरा तिथेच असायचा,
मी त्याच्या आरपार बघायचो.

आता एका बाकावर बसतो आम्ही.
मी सुधारलो असं कोणी समजू नये.
परवाच, डोळे मिटून प्रार्थना चालू असताना
मी हळूच त्याच्याकडे झुकलो
आणि श्वासाचा वास घेतला.
नुसता पेपरमिंटचा.
कान तापले माझे.
त्याला कळलं असणार, भाऊच तो.
काही न बोलता
त्याने गीतांचं पुस्तक उघडून
माझ्यासमोर सरकवलं.

पान चुकीचं होतं.
मी बोट ठेवलं नाही.