वारा सरला का?

शेवटचे टाके पडत होते, मी तिच्या अंगठ्याकडे बघत होते.
मनगटावर दोन तारा. यंत्र चार टिचक्या मारतं:
एक, दोन,
तिसरी उगीच, झोपेतल्या पोराने माशी हाकलावी तशी.
चौथी नाही.
थांबले.

दिवाळे गावची चांगुणा कोळी, वय एकसष्ट.
आतड्याचा वीतभर तुकडा केव्हाच बरणीत गेला होता.
तीन तास तिचा एकेक स्नायू मी जखडून ठेवलेला,
ओहोटीला चिखलात होड्या रुताव्यात तसा.
आता सोडवायचं.

जुनी बाटली स्वस्त. ती दवंडी पिटते गावभर:
उठा, उठा!
हातपाय उठतात, आतडंही कळवळून उठतं,
काळजाचा ठेका मंदावतो,
मग मागोमाग दुसरं औषध, सगळ्यांना गप्प करणारं,
तोंड कोरडं पाडणारं.

नवी बाटली कुणाला हाक मारत नाही.
औषधाच्या एकेका कणाला कवेत घेते
आणि लघवीच्या वाटेने मुकाट गाव सोडते.
आतड्याला पत्ता लागत नाही.

कपाटात नवीची एकच उरली होती,
ती अडीअडचणीला.
जयदासला, तिच्या मुलाला, विचारायला हवं होतं,
बाहेरून आणता का म्हणून.
विचारलं नाही. त्याची चप्पल बघितली होती मी.

जुनीच दिली.
दहा मिनिटांनी चारही टिचक्या सारख्या,
तिने मान उचलली, माझं बोट आवळलं,
मासळी उचलणारी मूठ ती.

पुढचे तीन दिवस राउंडला एकच प्रश्न:
वारा सरला का?
बेलापूरच्या त्या वॉर्डातून खाडीची एक पट्टी दिसते.
ती तिकडे बोट करायची,
"वारा त्यो काय, थय हाय. माज्या पोटान नाय."
पोट नगाऱ्यासारखं. जयदास
पारसिकच्या डोंगराकडे पाठ करून उभा.

रात्री मी कागद उघडून बसायचे.
एक म्हणतो, नव्या बाटलीने आतडं जरा आधी जागं होतं.
दुसरा म्हणतो, छे, फरक नाही,
फरक पडतो तो दुखण्यावरच्या अफूने, चालवण्याने,
सर्जनच्या हाताने.
दोन्ही कागद खरे वाटायचे,
पहाटे तीनला तर फारच.

चौथ्या दिवशी अंबुजा सिस्टरचा फोन,
हसू दाबत, तिच्या केरळी मराठीत:
"मॅडम, चांगुणाबाईचा वारा आला!"
गेले तेव्हा अख्खा वॉर्ड जागा होता,
शेजारची पित्ताशयवाली टाळ्या वाजवत होती,
आणि चांगुणा पदरात तोंड लपवून
खदखदा हसत होती, टाके धरून.
"बाय, आता च्या दे."

जुन्या बाटलीमुळे उशीर झाला का?
की तिच्यामुळेच आला?
माहीत नाही. माझ्या फॉर्मवर
औषध दिल्याची वेळ असते, नळी काढल्याची असते.
याला रकाना नाही.
समासात लिहून ठेवलं, बारीक अक्षरात:
पाच चाळीस. वारा. खाडीकडून.