गंज

पायसांदूच्या वेशीबाहेर, ओदिलियाच्या शेडमध्ये
दोन गाड्या, एकमेकींकडं पाठ करून.

एकोणतीसची फोर्ड, सासऱ्याची.
हँडल मारताना अंगठा बाहेर ठेवायचा,
नाहीतर मनगट गेलंच समजा.
तिची सगळी दुखणी चव्हाट्यावर:
मडगार्डला भोक, दार तारेनं बांधलेलं,
खोकली की शेजारची कुत्री उठतात.

चौऱ्याहत्तरची मेहारी, अंगानं प्लास्टिकची.
एके काळी नारिंगी, आता उन्हानं
उकडलेल्या रताळ्याच्या सालीसारखी.
पाइप लावून आतून धुवायची, मासळीची पाटी धुतात तशी.
हिला कसला गंज, म्हणायचे सगळे.

मोंतेविदेओचं गिऱ्हाईक म्हणालं, एकच घेईन.
मी खाली सरपटलो, टॉर्च दातांत धरून.
फोर्डखाली तेल, धूळ, कोंबडीचं एक अंडं.
मेहारीची चेसिस अंगठ्यानं दाबली,
तर भिजल्या बिस्किटासारखी हातात आली.

बाहेर आलो. ओदिलिया किटलीतून
येर्बावर गरम पाणी ओतत होती.
"कोणती धड आहे?"
"कण्हते ती."

तिनं नळी दोनदा ओढली.
"मग तीच दे त्याला.
मला भोपळे न्यायला हीच लागते.
मंगळवारी वेल्डिंगचं सामान घेऊन ये.
आणि ते अंडं काढ आधी."