सूर्यास्त समाविष्ट

लेकीने तिकिटं फोनवर पाठवली:
दोन माणसं, जेवण, गाणी, सूर्यास्त समाविष्ट.
'सूर्यास्त समाविष्ट' हे यांनी दोनदा वाचलं,
चष्मा पुसून तिसऱ्यांदा,
आणि विचारलं, ढग आले तर पैसे परत देतात का.

जेलरोडवरून गंगापूर धरणापर्यंत
रिक्षावाल्याने साडेपाचशे घेतले.
हे गप्प. मीही गप्प.
धक्क्यावर एका पोराने नारिंगी जाकिटं दिली,
ओल्या गोणपाटाच्या वासाची,
माझ्या मोरपंखी साडीवर घट्ट आवळून बांधली.
हे म्हणाले, चांगली दिसतेस.
बहुधा जाकिटालाच म्हणाले असतील.

सूर्य अंजनेरीमागे गेला.
सांगितलेल्या वेळेच्या चार मिनिटं आधी,
यांनी घड्याळ लावून बघितलं.

मी पाणी बघत होते.
हेच पाणी सकाळी सात ते साडेसात
आमच्या नळाला येतं, मी दोन पिंपं भरते.
इतकं असतं हे मला माहीत नव्हतं.
इतकं असून अर्धाच तास का, हे कुणाला विचारावं?
पलीकडच्या काठावर द्राक्षमळ्यातल्या हॉटेलचे दिवे लागले
आणि लांबच लांब होत पाण्यातून आमच्याकडे आले.

मिसळ दिली कपात.
चहाच्या नव्हे, त्याहून लहान,
वर एक पाव, रुपयाएवढा.
मी यांच्याकडे पाहिलं, यांनी माझ्याकडे,
आणि कितीतरी दिवसांनी आम्ही एकाच गोष्टीला हसलो.

गाणाऱ्या पोरीचं नाव निमिषा.
गालाला चकाकी लावलेली, घसा बसलेला,
दर दोन गाण्यांनी थर्मासातलं गरम पाणी पीत होती.
तिला कुणी सांगितलं कोण जाणे:
आज कुलथे काका-काकूंच्या लग्नाला चाळीस वर्षं!
काकू, उखाणा!
माईक माझ्या तोंडाशी. बोटीवरची साठ माणसं
चमचे खाली ठेवून बसली.

लग्नातला उखाणा आठवेना.
त्यात तुळस होती, इथे कुठली तुळस.
मग तोंडातून आपोआप आलं:
धरणाच्या पाण्यावर बसली जेवणाची पंगत,
मुरलीधररावांना जन्मभर नोटांचीच संगत.

बोट हसून हलली.
हे हसले नाहीत.
छत्तीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये,
रोज हजारो नोटा बोटांखालून गेल्या,
त्यातली एक आमची नाही.
पोरीच्या फीसाठी मी बांगडी मोडली त्या दिवशीही
हे दिवसभर नोटाच मोजत होते.

निमिषाने माईक यांच्याकडे नेला.
यांनी तो दोन्ही हातांनी धरला,
घसा खाकरला आणि म्हणाले,
एकही कमी भरली नाही.
एवढंच. माईक परत.
लोकांना वाटलं, अजून काहीतरी आहे.
मग टाळ्या वाजल्या, मग पुढचं गाणं.

परत धक्क्याला लागलो तेव्हा
थंडी पडली होती, मी पदर कानावरून घेतला.
फळीच्या टोकाशी तोच पोरगा उभा,
जाकिटं गोळा करायला.
हे त्याच्यासमोर गेले, जाकीट काढून दिलं,
आणि दोन्ही हात वर करून
पाय जरा फाकवून उभे राहिले.

रोज संध्याकाळी गेटवर राहायचे तसे.

पोरगा गोंधळला. काका, काय झालं?
मागची माणसं थांबली.
हात खाली येईनात. त्यांना कुणी 'जा' म्हणेपर्यंत
ते खाली येणारच नव्हते.

मग मी पुढे झाले.
वरचा खिसा: चष्म्याचं घर, रिक्षाचा हिशेब.
उजवा खिसा: रुमाल.
डावा खिसा:
बोटीवरच्या बडीशेपेच्या पुड्या, तीन,
आणि कागदी रुमालात गुंडाळलेला
तो रुपयाएवढा पाव.

हे माझ्याकडे बघेनात.
उद्या सकाळी चहाबरोबर तुला, असं काहीतरी पुटपुटले.

मी ते सगळं होतं तसं परत खिशात ठेवलं,
वरून दोनदा थोपटलं
आणि म्हटलं, जा.