बॅटरी बसली तिथून पुढे

व्हर्लिन स्टिडमच्या मागे एकतीस वर्षं
मी उभी राहिले, डबल बासला कवेत घेऊन.
चेहरा तुम्ही पाहिलात. मला पाठ आहे ती त्याची पाठ:
डाव्या खांद्याखाली सदऱ्याला एक चुणी,
गत चढीला लागली की आधी ती हलायची,
मग बँजो.

कुणी विचारलं, कुणाकडे शिकलात, तर
"मावशीकडे." विषय संपला.
पण रात्री दोनला, केंटकीकडे परतताना,
बाकीचे पेंगत असले की
त्याची जीभ सैल व्हायची.

ऑर्फामावशीच्या बँजोवर मांजराचं कातडं होतं.
दमट हवेत ते ढिलं पडे,
म्हणून वाजवण्याआधी ती बँजो चुलीपुढे धरायची,
मक्याच्या भाकरीसारखा फिरवून फिरवून शेकायची.
तो वास अजून येतो, म्हणायचा.

एझरा पेनिक्स, खाणीच्या वस्तीत, काळ्या लोकांच्या ओळीतलं
शेवटचं घर. कोळशाच्या डब्यांना ब्रेक लावायचा.
त्याने व्हर्लिनचा अंगठा सुटा करून दिला:
अंगठा म्हणजे घरातला कर्ता, त्याने जागा सोडायची नाही,
बोटं पोरंटोरं, हुंदडू देत.
व्हर्लिन त्याच्या ओसरीवर तासन्‌तास बसे.
एझराला व्हर्लिनच्या ओसरीवर कुणी कधी बस म्हटलं नाही.
इथवर आला की तो गाडीची काच खाली करायचा,
जानेवारीतसुद्धा.

चर्चमध्ये वाद्याला मज्जाव.
एक म्हातारा ओळ सांगे, बाकीचे ती ओढत,
गाळात रुतलेली खेचरगाडी चाळीस जणांनी ओढावी तशी.
"तिथे कळलं, सुराशी पोचायची घाई करायची नसते."
असं म्हणणारा हा माणूस
स्टेजवर वाऱ्याच्या पुढे धावायचा.
मी कधी विचारलं नाही.

डेटनला नऊ वर्षं, फ्रिजचे दरवाजे.
प्रेसने उजव्या अनामिकेचं पेर नेलं.
ते बोट तार छेडत नाही, नुसतं कातड्यावर टेकतं,
तरी सहा महिने हात अधांतरी राहिला,
आणि परत टेकला तो थोडा लंगडतच:
दर आठव्या ठोक्याला केसभर उशीर.
तो उशीर सांभाळायला मी शिकले.
माझं शिक्षण एवढंच.

आणि ती गत.
तो आठ वर्षांचा. शनिवारची रात्र. रेडिओ क्रेड नेपियरकडे,
अंगणात पंधरा माणसं, एक गाय.
दूरच्या कुठल्या स्टेशनवर कुणीतरी वाजवायला लागलं,
पहिला भाग पुरा झाला,
दुसऱ्याला तोंड फुटलं
आणि बॅटरी बसली.
नवी बॅटरी तंबाखू विकल्यावर, म्हणजे डिसेंबरात.
तोवर उरलेला भाग त्याने घरच्या घरी जुळवला:
विहिरीच्या रहाटाची कुरकुर, मावशीचा खोकला,
रिकामे डबे डोंगर चढताना करतात तो खडखडाट.
आम्ही ती दर कार्यक्रमात शेवटी वाजवायचो.

परवाच्या ऑगस्टात, मेळ्याच्या पार्किंगमध्ये,
एकोणीस वर्षांची एक मुलगी, टेंपल राइस नावाची,
तीच गत वाजवत होती.
रहाट होता. खोकला होता.
दहाच्या दहा धड बोटं असून ती
तो आठवा ठोकाही लंगडत घेत होती.
"कुणाची गं ही?" व्हर्लिनने विचारलं.
"कुणाचीच नाही. जुनी आहे, पिढ्यान्‌पिढ्यांची."
मी चुणीकडे पाहिलं.
ती हलली.
"बासशिवाय अर्धी वाटते," एवढंच म्हणाला,
आणि बोटाने, त्या आखूड बोटाने,
मला तिच्यामागे उभं केलं.

फेब्रुवारीत तो गेला.
कुणीतरी मूळ रेकॉर्ड शोधून मला पाठवली आहे,
दोन्ही भाग असलेली.
पाकीट अजून फोडलेलं नाही.
फ्रिजवर पडून आहे.
फ्रिज जुना, डेटनचा,
दरवाजा घट्ट लागतो.