ओठ मिटावे लागतात अशी अक्षरं

आमच्या गावात वारा इतका
की चौकाचौकात दोर बांधून ठेवतात, माणसांनी धरायला.
ओतिलिया दोर धरायची नाही.
तिचे दोन्ही हात डाव्या गालावर,
आणि मी मागून तिच्या कोटाची कॉलर धरून,
पुन्ता अरेनासच्या उतारावर,
जणू पतंग खाली घेतोय.

तीन दाढा काढल्या तिच्या. तिन्ही धड.
तिसरी कागदात गुंडाळून देत दंतवैद्य म्हणाला,
बाई, आता दुखायला जागाच उरली नाही.
जागा होती.
त्या रात्री अभ्र्याची शिवण गालाला लागली
आणि वीज पडली, आवाज न करता.
एकतीस वर्षं मी फेरीबोटीच्या इंजिनात काढली,
शॉक बसलेली माणसं पाहिलीत.
डोळे असेच होतात, कुणाकडेच न पाहणारे.

त्याच सुमाराला कधीतरी
तिने माझं नाव घेणं सोडलं.
आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेतात,
गल्लीच्या टोकावरून, भांडताना तर दोनदा.
बाउदिलियो!
त्याचं आधी झालं 'अरे', मग 'ऐक',
मग नुसता चमचा, टेबलावर, ठक ठक.
मी मनातल्या मनात हिशेब काढले:
तिला न सांगता विकलेली शिलाईची मशीन,
पलीकडच्या किनाऱ्यावरची ती तिकीटवाली,
जिच्याशी काही झालं नव्हतं,
पण माझ्या मनात झालं होतं.

डॉक्टर रायेन आमच्या लेकीच्या वयाची.
तिने गोळ्या लिहिल्या आणि एक फोन दिला.
म्हणाली, रोज रात्री यात बोला.
काय खाल्लं, कोण आलं, काहीही.
ओतिलिया दार लावून बोलायची,
शेजारच्या कुत्र्याबद्दल, वाळत न घातलेल्या चादरीबद्दल.
सव्वीस रात्रींचं ते बोलणं
यंत्राने एका बैठकीत ऐकलं.
मी चाळीस वर्षं ऐकत होतो.

रायेनने पडद्यावर रेघा दाखवल्या.
ह्या फटी पाहा, म्हणाली.
प च्या आधी. ब च्या आधी. म च्या आधी.
ओठाला ओठ लागतो तिथेच अडतात त्या.
वळसा घालता येतो तिथे शब्दच बदलतात,
पावाला म्हणतात 'ते भाजलेलं'.
आणि हा 'तो', तीनशे बारा वेळा आलाय.
तो कोण?

मी हात वर केला. शाळेत करतात तसा.

मग डोक्याचं चित्र काढलं.
यंत्राने एक जागा पिवळी केली:
एक बारीक धमनी, मज्जातंतूवर रेललेली,
दर ठोक्याला त्याला ढोसणारी.
म्हणजे तिचंच काळीज तिला मारत होतं,
मिनिटाला बहात्तर वेळा.
ते चुकतंही कधी कधी, रायेन म्हणाली,
सावलीलासुद्धा पिवळं करतं.
म्हणून मी रात्रभर स्वतः पाहिलं.
तिचे डोळे लाल होते. यंत्राचे काय असतील, कोण जाणे.

सान्तियागोला नेलं. कानामागे भोक पाडून
दोघांच्या मध्ये एक चिमूटभर तुकडा ठेवला,
न चिकटणाऱ्या तव्यावर असतं त्याच जातीचा.
मी खाटेशी बसून राहिलो, दाढी करून, नव्या शर्टात.
शुद्धीवर आल्यावर तिचा पहिला शब्द होता 'पाव'.
दुसरा 'मीठ'.
मी कॅन्टीनकडे पळालो.

नाव यायला अकरा दिवस लागले.
बाउदिलियो, दार लाव, किती वारा येतोय.

ब च्या आधी ती अजून थांबते, किंचित.
रायेन म्हणते, ही सवय आहे, दुखणं नाही,
यंत्राला दोन्हींतला फरक कळतो.
मला अजून नाही कळत.
त्या अर्ध्या सेकंदात
मी दोर धरून उभा असतो.