सात सेकंद

रात्री साडेबारा. खडकी बाजारात
मुरुगेशचं इडलीपिठाचं दुकान.
शटर अर्धं खाली, म्हणजे हवालदारासाठी बंद
आणि वाकून येणाऱ्यांसाठी चालू.
भिंतीवर टीव्ही, खाली दोन ग्राइंडर,
मधे आम्ही, तांदळाच्या गोण्यांवर,
आपापला देश निवडून बसलेलो,
जिथे आमचं कुणी नाही.

हिलरी पिवळ्यांचा. त्याचा बाप पिवळ्यांचा, आजाही.
शकूरभाई, हिलरी ज्यांचा नाही त्यांचा.
ढमढेरे सर शनिवार पेठेतून स्कूटरवर येतात,
थर्मास आणतात, कप एकच आणतात.
त्यांना संघ नाही, फक्त चुका दिसतात.
मी फॅक्टरीच्या टीमचा गोली होतो, सात वर्षं.
डाव्या हाताची करंगळी
तेव्हापासून वेगळ्या दिशेला बघते.

खेळाडूंच्या आधी टाय येतात.
काचेच्या टेबलामागे तीन तज्ज्ञ.
एक खरंच कधीतरी खेळलाय,
तो कमी बोलतो.
दुसरा पडद्यावर बोटाने बाण काढतो,
'इथे बघा, इथे केवढी जागा होती!'
'होती तर घ्यायची ना बुक करून,' शकूरभाई.
'औंधात भाव विचार म्हणावं.'

तिसऱ्याकडे आकडे.
म्हणतो, या देशाची वस्ती साडेतीन लाख,
आणि राइट बॅक दातांचा डॉक्टर!
मुरुगेश पिठाच्या बोटांनी मोजतो:
खडकी, बोपोडी, दापोडी,
कमी पडली तर थोडी सांगवी...
झाला की देश.
दातांचा डॉक्टरही आहे, पोस्टाशेजारी,
पण तो जिना चढतानाच थांबतो.
हसलो आम्ही, पण पूर्ण नाही.
'बघू,' हिलरी म्हणाला.
काय बघू, ते कुणी विचारलं नाही.

आमची खरी अडचण वेगळी.
समोरच्या बिल्डिंगमधे तिसऱ्या मजल्यावर
कुणाची तरी वायर आमच्यापेक्षा फास्ट आहे.
त्यांच्याकडे गोल आधी होतो.
आमच्याकडे बॉल अजून मधल्या वर्तुळात लोळतोय,
तज्ज्ञ म्हणतोय, 'इथून धोका अजिबात नाही,'
आणि खिडकीतून आरोळी येते.
मग सात सेकंद आम्ही शहाणे.
हिलरी टायवाल्याकडे बघतो,
जसं गाडी चुकलेल्या माणसाला
फलाटावर वेळापत्रक वाचताना बघावं.
'बोल राजा, बोल. अजून बोल.'

ज्यादा वेळही संपला, बरोबरीतच.
आता पेनल्टी.
ढमढेरे सर म्हणाले, 'त्यांनी बोंब मारली की संपलंच सगळं.
यात बघायचं काय मग?'
शकूरभाईंनी शटर पूर्ण ओढलं. तरी ऐकू येणारच.
तेव्हा मुरुगेश उठला, काही न बोलता
उद्याचे तांदूळ ओतले, उडीद ओतला,
आणि दोन्ही ग्राइंडर एकदम चालू केले.

घरघर अशी की दातांत जाणवावी.
समोरची बिल्डिंग बुडाली, टाय बुडाले,
तिघांची तोंडं नुसती उघडमीट,
काचेच्या पेटीतल्या माशांसारखी.
बाण आले, गेले.
कुणालाच काही माहीत नव्हतं.
किती दिवसांनी.

तो गोली रेषेवर उभा राहिला, गुडघे वाकवून,
एकटा. तसंच उभं राहतात.
समोरचा बॉल ठेवतो, पुन्हा उचलतो, पुन्हा ठेवतो,
तेवढ्यात आपल्याला आपली आई आठवते,
किंवा सायकलला कुलूप लावलं का ते.
हे कुठल्याच टेबलावर कुणी सांगत नाही.
माझी करंगळी हलली. डावीकडे, मी म्हणालो,
माझं मलाही ऐकू आलं नाही.
ढमढेरे सरांनी थर्मासच्या झाकणात
चहा ओतून माझ्यापुढे धरला होता,
पडद्यावरची नजर न हलवता.

सकाळी पिठाच्या रांगेत
बाजारातल्या अमुदा अक्कांनी पातेल्यात बोट बुडवलं.
'मुरुगेशा, आज एवढं बारीक का रे वाटलंस?'
तो म्हणाला, 'पाच-पाच मारूनही सुटेना, अक्का.'
त्या म्हणाल्या, 'काय सुटेना?'
तो पुढच्या गिऱ्हाइकाचं पातेलं धरून उभा,
डोळे लाल.